चौदा पगारांची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी, फिकट निळ्या रंगाची लहान गाडी आहे. सध्या माझा मुक्काम भंगाराच्या आवारात आहे. माझी चाके काढून झाली आहेत आणि इंजिन उद्या निघणार आहे. त्याआधी माझी हकिकत तुम्हाला सांगून टाकते.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांब पट्ट्यावर झाला. एकाने दरवाजे लावले, दुसऱ्याने काचा बसवल्या आणि संध्याकाळच्या आत मी स्वतःच्या चाकांवर उभी राहिले. माझ्यात फार काही नव्हते. चार दरवाजे, एक खरखरणारा रेडिओ आणि चार माणसांची जागा. मला विकत घेतले ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकने. सगळे त्यांना काका म्हणत. "चौदा पगार ओतलेत हिच्यात," असे ते येईल त्याला सांगायचे आणि माझ्या टपावरून हात फिरवायचे.

काकांचा त्यांच्या कामात मोठा दरारा होता. लिफ्टमधून साधी कुरकुर ऐकू आली, तरी ते ती बंद करून दाराला पाटी लावत. नऊ-नऊ मजले चढताना लोक त्यांच्या नावाने बोटे मोडत, पण पाटी काही निघत नसे. मी त्यांची अवजारे वाहिली. त्यांच्या मुलीला शाळेत सोडले. पुढे तीच मुलगी माझ्यावर गाडी शिकली आणि फाटकाच्या खांबाला मला ठोकूनही बसली. ते दिवस फार चांगले होते.

मग काका निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी काकूंच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. रुग्णालय टेकडीपलीकडे. चढ चढायचा, मग लांबलचक उतार उतरायचा. मी तोवर चोवीस वर्षांची झाले होते आणि माझे ब्रेकचे पॅडल दर आठवड्याला थोडे अधिक खोल जाऊ लागले होते.

"काका, हिचा मास्टर सिलिंडर गेलाय," गॅरेजवाला म्हणाला. "ह्याच्यामुळेच ब्रेकचा जोर चाकांपर्यंत पोचतो. नवा आता मिळत नाही. भंगारातल्या गाडीचा बसवतो, पण भरवसा धरू नका."

"बसव," काका म्हणाले.

तोही गळू लागला. काका दर रविवारी, काकू जिना उतरायच्या आत, गुपचूप ब्रेक ऑइल भरू लागले. मित्रांनो, मला तुमच्यासारखे बोलता येत नाही. पॅडल खाली जाणे, एवढेच माझे बोलणे. आणि ते त्यांना नीट कळत होते.

एका रविवारी मुलगी खाली आली. काकांच्याच जुन्या कंपनीत ती पगारपत्रके करायची.

"बाबा, आता नवी गाडी घेऊ या."

"भाव बघितलास का? हिच्या साडेतीनपट. नुसती लूट चाललीय."

"आकडा साडेतीनपट झालाय, बाबा. पण तुमच्या जागेवर आलेल्या मेकॅनिकचा पगार मीच काढते. अशी लहान गाडी त्याला आज तेरा पगारांत येते. वर तिच्यात एअरबॅग आहेत, चांगले ब्रेक आहेत. महागाई वजा केली तर गाडी महाग झालेलीच नाही."

काकांनी फडक्याला हात पुसले. "हिशेब बरोबर आहे तुझा. फक्त तो मेकॅनिक मी नाही. माझं पेन्शन निवृत्तीच्या दिवशी जेवढं होतं, तेवढंच आहे. त्या मापाने मोज."

 मुलीने मनात मोजले असावे. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मग मी घेते."

"मुलीच्या पैशावर गाडी उडवायची माझी इच्छा नाही. आणि हिला काय धाड भरलीय?"

मला काय धाड भरली होती, ते त्यांच्या हातातल्या ऑइलच्या डब्यालाही ठाऊक होते.

त्यानंतरचा मंगळवार. मुलीने सुटी काढली होती, ती पुढे बसली. काकू मागे. टेकडीचा माथा ओलांडला आणि उतार सुरू झाला. पहिल्या वळणावर काकांनी पॅडल दाबले, ते तळाला टेकले. त्यांनी पुन्हा दाबले. पुन्हा. माझ्या अंगात काहीच उरले नव्हते.

"बाबा, हळू ना," मुलगी म्हणाली.

"ब्रेक लागत नाहीयेत," काका सावकाश म्हणाले. "दोघी घट्ट धरून बसा."

त्यांनी मला दुसऱ्या गिअरमध्ये टाकले, मग पहिल्या. माझे इंजिन किंचाळले. हँडब्रेक ओढला, तर मागची चाके घासली, पण वेग पुरता मोडेना. खाली चौकात लाल दिवा होता. माणसे रस्ता ओलांडत होती. एक बाई बाबागाडी ढकलत मधोमध पोचली होती. काकांनी मला डावीकडच्या दगडी भिंतीवर घातले. आरसा उडाला, दरवाजा आत चेपला, काच मुलीच्या मांडीवर सांडली. भिंतीला अंग घासत, ठिणग्या उडवत मी त्या बाईपासून चार पावलांवर थांबले.

मुलीचे मनगट मोडले होते. काकूंना खरचटलेही नव्हते. ज्या हातातून डायलिसिस व्हायचे, तो हात त्यांनी उराशी धरला होता.

"अहो, तुम्हाला ठाऊक होतं ना?" त्यांनी विचारले.

"हो."

"केव्हापासून?"

"चार महिने."

 काकू म्हणाल्या, "लोकांच्या लिफ्ट नुसत्या आवाजावरून बंद केल्यात तुम्ही. मी तर तुमच्या मागेच बसत होते."

काकांचे हात स्टिअरिंगवरून खाली आले. 

पुढे वाद झालाच नाही. "गाडी महाग झाली की नाही, ते तुम्ही बापलेक सावकाश ठरवा," काकू म्हणाल्या. "पैसे मुलीचे लागतात तर लागू देत." नवी गाडी मुलीच्या नावावर आली. काकांनी मान खाली घालून सही केली.

मला इथे आणले, तेव्हा ते सोबत आले होते. भंगारवाला म्हणाला, "ब्रेकचं सामान वेगळं काढतो. त्याला गिऱ्हाईक असतं."

काकांनी पाना मागून घेतला. स्वतःच्या हातांनी तो सिलिंडर काढला, दगडावर ठेवला आणि हातोड्याने त्याचा चेंदामेंदा केला. "ह्याचे पैसे कापून घ्या," ते म्हणाले, आणि वळून न पाहता गेले. मला वाईट वाटले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी जुनी गाडी असेल. तिला धुवा, पुसा, तिच्यावर माया करा. पण तेवढ्याला काळजी घेणे म्हणत नाहीत. तिचे काही बिनसले आहे असे वाटले, तर त्याच दिवशी घरातल्या मोठ्यांना विचारा. ते भाव फार वाढल्याचे सांगतील. ते शांतपणे ऐकून घ्या, कारण त्यांच्या खिशापुरते ते खरेच असते. आणि मग पुन्हा विचारा.