एकाहत्तरीचा अकारा

नायजेरियातल्या इसेयिनमध्ये म्हातारं माणूस गेलं की अकारा, म्हणजे वाटलेल्या चवळीचे वडे, तळतात, आणि म्हातारं म्हणजे सत्तरी ओलांडलेलं. त्याआधी कोणी गेलं तर नुसतं रडायचं, चवळी भिजत घालायची नाही. म्हणूनच मोरेनिकेने आईचं वय एकाहत्तर सांगितलं होतं.

आई सहासष्ट वर्षांची होती.

तेव्हा भाऊ कायोदे लागोसहून फोनवर बोलत होता, श्रद्धांजलीचा फलक छापायला टाकायच्या घाईत. आईच्या वयाशी त्याचा संबंध फलकापुरताच. एकाहत्तर ऐकताच त्याचा आवाज मोकळा झाला. भरलं आयुष्य जगून गेलेल्या माणसाला काय झालं होतं, हे कोणी विचारत नाही. मोरेनिकेला तेवढंच हवं होतं.

आता ती अंगणात वाटलेली चवळी फेटत बसली होती. बाजारातली जुनी, घट्ट दाण्यांची चवळी, पाण्यात चोळून साल न् साल काढलेली. पीठ फेटावं तितकं फुगतं, आणि हात थांबला की विचार सुरू होतात, त्यामुळे पीठ गरजेपेक्षा बरंच जास्त फुगलं होतं.

तेवढ्यात इबादानहून मावशी आली. आईची सख्खी थोरली बहीण, वय एकोणसत्तर. फाटकावरचा फलक तिने एकदा बिनचष्म्याने आणि एकदा चष्म्याने वाचला. मग चुलीपाशी तेल तापवणाऱ्या बायकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने मोरेनिकेजवळ स्टूल ओढलं.

"माझी धाकटी बहीण माझ्याहून मोठी कधी झाली गं?"

मोरेनिके फेटत राहिली.

"मग मी किती वर्षांची?"

"चौऱ्याहत्तर, मावशी."

"बरं झालं सांगितलंस. कोणाचा उद्योग हा, कायोदेचा?"

"माझा." पळी थांबली. "तीन रविवार आईचा फोन येत होता. छातीत जड वाटतं म्हणायची. मी म्हटलं, मिरची कमी खा. शाळेच्या परीक्षा संपल्या की दवाखान्यात नेते म्हटलं."

मावशीने चष्मा काढला. आता ही उठून चुलीपाशी जाईल आणि बायकांना तेल उतरवायला सांगेल, अशी मोरेनिकेची खात्री होती. खरं तर तिला थोडी आशाच होती.

"मलाही केला होता तिने फोन," मावशी म्हणाली. "मी म्हटलं, गॅस झाला असेल."

तिने अंगावरच्या वस्त्राच्या टोकाने चष्मा पुसला आणि बायकांना हाक मारून विचारलं, तेल तापलं की नाही.

अकारा उत्तम झाला. बाहेरून कुरकुरीत, आतून कापसासारखा. लोकांनी मोरेनिकेच्या हाताची आणि आईच्या नशिबाची तोंडभरून स्तुती केली. कोणीतरी मावशीला वय विचारलं. तिने चौऱ्याहत्तर सांगितलं. इतकी वाटत नाही, असं म्हटल्यावर लाजलीसुद्धा.

संध्याकाळी शेजारची बिसोला पोटावर हात ठेवून आली. सातवा महिना. म्हणाली, "ताई, तुमच्याच हाताने अकारा द्या. तो खाऊन आजीबाईंएवढं आयुष्य माझ्या बाळालाही लाभू दे."

मोरेनिकेने पानात एक अकारा ठेवला. मावशीकडे पाहिलं. मावशी तेलाकडे पाहत होती.

मग मोरेनिकेने त्यावर आणखी दोन ठेवले.

"एक पुरे हो, ताई."

"घे," मोरेनिके म्हणाली. "एकाने कमी पडतं."