न कापलेल्या किल्ल्या

दातो झुल्करनाइन वॉर्डात शिरले की मागे सहा शिकाऊ डॉक्टर चालत, आणि ते हसायच्या आधीच सहाही जण हसायला तयार असत. मलेशियातल्या कोता भारूच्या त्या इस्पितळात ते बालरोगाचे प्रमुख. दातो ही पदवी मिळाल्यापासून नुसतं ‘डॉक्टर’ म्हटलेलं त्यांना कमीपणाचं वाटे. त्या घोळक्यामागे प्रयोगशाळेतली सुहैला रिपोर्ट घेऊन उभी होती. भांडं एवढं मोठं आणि आत एवढंसं पाणी, याचं तिला दर वेळी नवल वाटे.

खाटेवर सहा वर्षांची साल्मी, बेचाळीस किलोंची. उशाशी तिची आई रोकिया.

“माकचिक,” दातोंनी मावशी म्हणावं तशी हाक घातली, “आज सकाळी पोरीला काय चारलंस?”

“तुम्ही सांगितलंत तेवढंच, दातो.”

“मग वाऱ्यावर फुगली का?” सहाही जण हसले. “इन्सुलिन आभाळाला टेकलंय. चोरून चारतेस आणि तोंड वर करून खोटंही बोलतेस. पोर तीन महिने तुझ्यापासून लांब राहिली की कळेल. बालकल्याण खात्याला पत्र लिहून ठेवलंय, दुपारी सही करतो.”

रोकियाने साल्मीचा पाय घट्ट धरला.

“दातो, इन्सुलिन मोजायचं आपलं किट जुनं आहे,” सुहैला म्हणाली. “शिवाय ही तान्ही असताना वर्षभर जुलाब होते. जेवल्यावर साखर वाढायची, तर हिची खाली येते. हे सगळं...”

“मेक,” पोरीबाळींना हाक मारावी तसं दातो म्हणाले, “तू नळ्या हलव. निदान आम्ही करतो.”

सुहैलाने खरंच नळ्या हलवल्या. उरलेलं रक्त दुसऱ्या किटवर लावलं आणि दुपारी आकडे घेऊन कँटीनमध्ये गेली. मुलांना उपास शिकवणारे दातो नासी कराबू भाताच्या दुसऱ्या ताटावर होते. ताटाशेजारी ते पत्र, अजून सहीवाचून.

“शरीर इन्सुलिन आधी लांब साखळी म्हणून बनवतं,” ती म्हणाली. “एक एन्झाइम ती साखळी कापतं, तेव्हा कुठे ते कामाला लागतं. हिच्यात कापणाराच बिघडलाय. किल्लीवाल्याच्या दुकानात नुसत्या कोऱ्या पट्ट्या पडाव्यात तसं झालंय, आणि आपलं जुनं किट त्यांनाच किल्ल्या म्हणून मोजतंय. दुसऱ्या किटवर पाहिलं, खरं इन्सुलिन जेमतेम आहे. मेंदूतला ‘पोट भरलं’ हा निरोपही त्याच एन्झाइमने कापून तयार होतो. या पोरीला तो नीट मिळालेलाच नाही.”

दातोंनी बोटं पुसली. “मला पहिल्यापासून शंका होती.”

“हो, पत्रात दिसतेय ती.”

“दुर्मिळ केस आहे. निबंध लिहू. माझं नाव पहिलं.”

“खुशाल. मग कुठल्या आकड्यावर आईला खोटारडी ठरवलं, तेही त्यात लिहीन. का आत्ताच पत्र फाडता?”

त्यांनी पत्र फाडलं, अगदी नीट चार तुकडे करून, जणू तीही एक शस्त्रक्रियाच.

जनुकांच्या तपासणीसाठी नमुना क्वालालंपूरला रवाना झाला. संध्याकाळी दातो त्याच सहा जणांना घेऊन वॉर्डात आले आणि “आम्ही शोधून काढलं” असं सुरू केलं.

रोकियाने मध्येच विचारलं, “म्हणजे मी खोटं बोलत नव्हते?”

“वैद्यकीयदृष्ट्या पाहिलं तर...”

“हो का नाही, दातो?”

“नव्हतीस.”

“मग या पोरांकडे तोंड करून सांगा. सकाळी त्यांच्यासमोरच बोलला होतात.”

दातोंनी घड्याळ पाहिलं. रोकिया वाटेतून हलेना. शेवटी त्यांनी सांगितलं, पण इतक्या हळू की तिने त्यांना पुन्हा एकदा सांगायला लावलं.