बिनमिठाचा पहिला घाणा

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत एका गरोदर सुनेची इच्छा, एका कढईतील तेल आणि माझ्या मुखातून निघालेले एक असत्य, या तिहींचा वृत्तांत मी यथामती निवेदन करणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले असल्याने भाषेत न्यून आढळल्यास क्षमा असावी. परंतु घडलेल्या गोष्टीत मी पदरचे काही घातलेले नाही.

नाशकात निमाणी बसस्थानकाजवळ कच्च्या केळीचे वेफर्स तळण्याचा माझा गाडा आहे. केळी सोलून किसणी थेट कढईवर धरायची, काप तापल्या तेलात पाडायचे, ते कडक होत आले की मिठाचे पाणी त्यातच शिंपडायचे. तेल क्षणभर खवळते, मग झाऱ्याने घाणा काढायचा. बावीस वर्षे हेच करीत आलो. बुधवारी बाजार भरतो, म्हणून त्या दिवशी सकाळी कढई घासून नवे तेल ओतायचे. इतर दिवशी आदल्या दिवशीचे तेल गाळून त्यातच थोडे नवे घालायचे, असा आमचा परिपाठ होता.

माझी सून हर्षाली ही चांदवडची. गेल्या वर्षी तिचे पहिले मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेले. त्यामुळे यंदा तिला पुन्हा दिवस राहिले तेव्हा घरात सर्वजण हळू आवाजात बोलू लागले. तिला डोहाळे लागले ते गेल्या खेपेप्रमाणेच नेमके माझ्या वेफर्सचे. आमच्या सौभाग्यवती सगुणाबाई मला म्हणाल्या, "अहो, गरवार बाईचं मन मारू नये. बाळाचा कान वाहतो मग. दुनियेला खाऊ घालता, आणि घरच्या सुनेला नाय?"

मी रोज संध्याकाळी पुन्हा गरम पुडा आणू लागलो. आपल्या हातचे घरात कोणी एवढ्या आवडीने खाते, याचा मला अभिमान वाटे, हे कबूल केले पाहिजे.

सातव्या महिन्यात चिरंजीव शेखर यांची कारखान्यात सकाळची पाळी असल्याने तपासणीस मी सोबत गेलो. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब दोनदा मोजला, पायाची सूज अंगठ्याने दाबून पाहिली.

"बीपी चढलंय. खाण्यात काय काय असतं?"

हर्षाली ओशाळून हसली. "केळीचे वेफर्स. रोज."

"केळं वाईट नाही गं. पण रोजचं तळण, वर मीठ, आणि गाड्यावरचं तेल किती दिवसांचं असतं कोण जाणे."

"गाडा माझाच आहे, मॅडम," मी म्हणालो.

"मग तुम्हीच सांगा. तेल कधी बदलता?"

तो शनिवार होता. कढईतल्या तेलाचा रंग माझ्या डोळ्यांपुढे आला. तरीही मी उत्तरलो, "रोजच्या रोज."

डॉक्टरीणबाईंनी विश्वास ठेवला. "वेफर्समुळेच बीपी चढलं असं मी म्हणत नाही. गोळी लिहून देते, ती चुकवायची नाही. आठवड्यातून दोनदा, मूठभर, ताज्या तेलातलं आणि बिनमिठाचं खाल्लं तर चालेल. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा चेहरा सुजला, तर तडक यायचं."

रिक्षात हर्षाली आनंदात होती. "बरं झालं नाना, तुमचं तेल रोजचं असतं. नाहीतर माझं खाणं बंदच झालं असतं."

ती परवानगी माझ्या असत्यावर उभी होती. बुधवारपर्यंत मी सबबी सांगितल्या. केळी पिकलेली आली, गॅस संपला. बुधवारी नव्या तेलाचा पहिला घाणा मिठाचे पाणी पडण्याआधीच काढून घरी आणला. तिने एकेक काप मोजून खाल्ला. एका दिवसापुरते माझे बोलणे खरे झाले, आणि मला सुटल्यासारखे वाटले. घरी वेगळ्या कढईत तळता आले असते; पण मग घरी का, याचे उत्तर द्यावे लागले असते.

शनिवारी ती स्वतःच डबा घेऊन गाड्यावर आली. "आज दुसरी मूठ, नाना. गरमच खाईन म्हटलं."

मी केळे सोलले, किसणीवर ठेवले, आणि माझा हात तेथेच थांबला. समोर बॅग घेऊन उभा असलेला येवल्याचा एक गृहस्थ म्हणाला, "मामा, फोटो काढायला उभे ऱ्हायले का? गाडी सुटंल ना माझी!"

"पाडा ना, नाना," हर्षाली म्हणाली.

"हे तेल बुधवारचं आहे, पोरी. मी डॉक्टरीणबाईंना खोटं सांगितलं."

तिने वाकून कढईत पाहिले. मग हळूच विचारले, "गेल्या वर्षी पण मी हेच खात होते ना?"

"हो."

"ते कारण नसेलही. तेव्हा कुणी सांगितलंच नाही. पण आता माझ्या डोक्यातून हे जायचं नाही."

मी गॅस बंद केला. येवल्याचे गृहस्थ पुटपुटत निघून गेले. रिकामा डबा तिने पिशवीत परत ठेवला. जाताना एवढेच म्हणाली, "पुढच्या तपासणीला तुम्हीच यायचं. आणि तुम्हीच सांगायचं."

मी गेलो आणि सांगितले. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. नंतर त्या हर्षालीला म्हणाल्या, "गेल्या वर्षीचा दोष या तेलावर टाकायला माझ्यापाशी काही आधार नाही. तो तू स्वतःवरही घेऊ नकोस." आणि मला म्हणाल्या, "पण आजोबा, गाड्यावर हिच्यासारख्या दुसऱ्याही येत असतील." त्या दिवशी रक्तदाब आटोक्यात होता.

तेव्हापासून कढई रोज सकाळी घासली जाते. पहिला घाणा बिनमिठाचा निघतो. तो मी महिनाभर घरी नेला नाही, कारण कोणी मागितला नाही. सगुणाबाईंनी कान वाहण्याची आठवण दोनदा करून दिली, तरी हर्षालीने पुड्याचे नाव काढले नाही. मीही विषय काढण्यास धजलो नाही.

काल, नववा महिना लागल्यावर, मी निघत असताना ती दारात आली.

"नाना, आज पहिल्या घाण्यातले आणा. मूठभरच."

"नव्या तेलातले," मी म्हणालो.

"माहितीय. काल सकाळी शेखरला बघायला पाठवलं होतं मी."

हे वाक्य मला लागले, आणि लागावयास हवेच होते. संध्याकाळी मी मूठभर वेफर्स घरी आणले. तिने त्यातले दोन आधी माझ्या हातावर ठेवले, मी खाल्लेले पाहिले, आणि मग उरलेले स्वतः खाल्ले.

इतके लिहून लेखणी खाली ठेवतो. आपण अमूल्य वेळ खर्चून हा वृत्तांत वाचलात, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.

आपला नम्र,
वाल्मीक रखमाजी निरगुडे
पंचवटी, नाशिक