उकळून पक्का झालेला डाग

मी रजईची पांढरी खोळ बोलतेय. कोरियातल्या एका डोंगराळ गावात सुन-बुनने मला हाताने शिवलं. दर हिवाळ्याआधी ती माझे टाके उसवायची, पातेल्यात साबण घालून मला उकळायची, कांजी द्यायची आणि दगडावर ठेवून दांडक्यांनी बडवायची. मार खाल्ला, पण शुभ्र राहिले.

ती गेली आणि मी तिच्या नवऱ्याच्या, मान-सिकच्या वाट्याला आले. म्हाताऱ्याला धुण्यातलं एकच ठाऊक: पांढरं दिसलं की उकळायचं.

त्या सकाळी त्याला खोकल्याची उबळ आली आणि माझ्यावर तळहाताएवढं रक्त पडलं. ही तिसरी वेळ. आधीचे दोन अभ्रे त्याने गुपचूप जाळले होते. बायकोच्या हातची मी, मला जाळवेना. आणि दुपारच्या बसने लेक हे-रान येणार होती, आईच्या श्राद्धाला.

"तिला कळलं तर दवाखान्यात डांबेल," तो मलाच म्हणाला. "तुझी मालकीण तिथून परत आली का?"

त्याने टाके उसवले आणि मला चुलीवरच्या पातेल्यात कोंबलं. अरे, रक्त ती आधी गार पाण्यात काढायची! पण मला तोंड कुठे? पाणी खदखदलं, तसा डाग तपकिरी होऊन धाग्याधाग्यात बसला. त्याने साबण चोळला, ब्रशने खसाखसा घासलं, मुळा किसून लावला. डाग हलेना. तेवढ्यात वळणावर बसचा भोंगा वाजला.

डाग भिंतीकडे करून त्याने मला दोरीवर टाकलं. हे-रान अंगणात आली, घासून लाल झालेले त्याचे हात पाहिले आणि सरळ मला उलटवलं.

"हे काय, आप्पा?"

"किमचीचा रस्सा सांडला. वय झालं आता."

"किमचीचा डाग उन्हात उडून जातो. रक्त उकळलं की असं बसतं. मला शिकवू नका." तिने डागावर बोट ठेवलं. "आईनेही असंच लपवलं होतं. म्हणून तर उशीर झाला."

म्हातारा पायरीवर बसला. "तिसरी वेळ," एवढंच बोलला.

श्राद्ध उरकून दुसऱ्या सकाळी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. क्षय निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

आता तो घरी आहे, कुरकुरत गोळ्या घेतो. परवा शेजारणीने डागासाठी कसलंसं औषध सुचवलं. "राहू दे," तो म्हणाला, आणि मला पांघरून झोपला.

तुमच्या घरी कोणी एकटंच, घाईघाईने चादर धुताना दिसलं, तर साबण नंतर द्या. आधी जवळ बसा.