बासरीतली बाळंतीण

पंच्याऐंशी सालची मंडई, दिवाळीनंतरची गावजत्रा, तोंडावर आली आणि खुशालच्या बासरीतून आवाज निघेना. उन्हाकडे धरून पाहिली, तर नळी डिंकानं बुजलेली. मधमाशीच्या जातीतली, तांदळाच्या दाण्याएवढी काळी माशी आत अंडी घालून, लेकरांची शिदोरी ठेवून, दार लिंपून निघून गेली होती. ना पोळं, ना सोबतीण, एकटीचा संसार.

मंडईत होणाऱ्या यंदाच्या दंडारीत, गावच्या नाचगाण्याच्या नाटकात, राणी वनवासाला निघाली की बाकी सगळे गप्प आणि एकट्या खुशालची बासरी, असं ठरलं होतं. जन्मात पहिल्यांदा. नवी करावी तर वेळू वाळायला अख्खा उन्हाळा लागतो. त्यानं छत्रीची तार उचलली, तोच शेजारची गिरजाबाई आली. अर्ध्या गावाची नाळ हिनंच कापलेली.

"बाळंतिणीच्या खोलीत तार घालून राह्यला का?"

"बाळंतीण उडून गेली, बाई."

"मंग लेकरायची माय कोण? घर तुयं, तूच."

सुईणीचा शब्द कोण मोडणार? दुपारपर्यंत खुशालचे कान फडक्यानं बांधले गेले, खाटेखाली ओव्याची धुरी आली, दारावर कडुनिंब लागला. वाऱ्याला जायचं नाही, डिंकाचा लाडू टाकायचा नाही. बायका पाय न वाजवता येत, बासरीची दृष्ट काढत आणि बाळंतिणीच्या मिशा बघून पदर तोंडात कोंबत परत जात. पेटीवाला हरिदास येऊन दूध पुरते ना, म्हणून विचारून गेला.

मंडईच्या दुपारी खुशाल कान बांधूनच, बुजलेली बासरी घेऊन दंडारीत बसला, मागे गिरजाबाई. राणी वनात निघाली. पेटी थांबली. खुशालनं बासरी ओठाला लावली, आणि ओठालाच ते कळलं: आतून कुणीतरी इवलंसं दार कुरतडत होतं.

डिंक आतून सैल झाला होता; एक जोराची फुंकर, की नळी मोकळी आणि मंडईभर नाव. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि हळूच नाकानं सोडला. बोटं मात्र भोकांवरून फिरत राहिली. न वाजलेली बासरी माणसं ऐकत बसली. कुणी खोकलंसुद्धा नाही.

डिंक फुटला. ओलसर पंखांची एक माशी बाहेर आली आणि त्याच्या मिशीवर पंख वाळवत बसली.

"बाई," ओठ न हलवता खुशाल म्हणाला, "पोरगा का पोरगी?"

गिरजाबाईनं वाकून नीट पाहिलं.

"पोरगी. तुयावरच गेली. काळी."

हरिदासनं पेटीवर पाळणा धरला. आतली भावंडं अजून यायची होती. वारा लागू नये म्हणून खुशालनं सगळ्या भोकांवर बोटं ठेवली.