जड पायांची पोर

हंगामातला शेवटचा सामना संपला तशी मंजूषा खांडेकर निवडीची यादी घेऊन मैदानाच्या कडेला बसली. अठरा वर्षं गोलकीपर म्हणून खेळलेल्या मंजूषाला भोपाळच्या या ज्युनियर पोरींत एकही धड दिसत नव्हती. कुणाला हॉकीपेक्षा रील काढण्यात रस, तर कुणाला पास देणं म्हणजे अपमान. सुरुची मुळ्येच्या नावापुढे तिनं लिहिलं, ‘पाय जड. नको.’

सुरुचीनं ते पाहिलं. “मॅम, माझे पेनल्टी कॉर्नर तरी बघा ना!”

“त्यात काय बघायचं?” मंजूषा हसली. पण पोरीची एकदाची जिरवावी म्हणून स्वतःच पॅड बांधून गोलात उभी राहिली.

पहिला चेंडू तिनं सहज पायानं अडवला. “झालं? एवढंच?”

पुढचे चार तिच्या डाव्या खांद्यावरून जाळ्यात गेले. शेवटचा तर तिला दिसलासुद्धा नाही.

पॅड सोडताना तिला स्वतःचीच चीड आली. हंगामभर आपण नुसते पायच बघत बसलो होतो! तिनं शेरा खोडला.

“पाय जडच आहेत तुझे,” ती फणकारली. “उद्यापासून शाहपुरा तलावाला रोज दोन फेऱ्या मारायच्या. घेतलंय तुला.”