तीन ग्रह फिरून आलेला मास्क

मी एक फवारणीचा मास्क आहे, मित्रांनो, आणि पहिल्यांदाच सांगून टाकतो, मला तुम्ही माणसं आवडत नाही. जुन्या छत्र्या, जुनी घड्याळं, जुने कंदील शाळेच्या निबंधांत तुमच्यापुढे गळा काढतात की बाळांनो, आम्हाला जपा. मी गळा काढणार नाही. माझं मागणं त्यांच्या बरोबर उलट आहे आणि ते ऐकायला तुम्हाला थोडं थांबावं लागेल.

माझा जन्म कारखान्यातला. राखाडी रबराचं तोंड, डोक्यामागे ताणायला दोन पट्टे आणि दोन गालांवर दोन गोल डब्या. या डब्या म्हणजे माझा जीव. त्यांत खसखशीएवढ्या दाण्यांचा काळा कोळसा ठासून भरला होता. बाहेरून विषारी हवा आली की कोळसा विष धरून ठेवायचा आणि माणसाला नुसती हवा सोडायचा. बाकी मी म्हणजे रबराचा तुकडा. पण तेव्हा मला माझा फार तोरा होता, हेही कबूल करतो.

फवारणीच्या औषधांच्या एका मेळाव्यात कंपनीनं मला फुकट वाटून टाकलं. विषाला औषध म्हणणारी तुमची जात, तिच्याकडून मी काय अपेक्षा ठेवणार! निकिताच्या वडिलांनी मला घरी आणलं. ते सातपूरला कंपनीत जातात, त्यामुळे दिंडोरीजवळची दीड एकर द्राक्षबाग निकिताची आई छाया बघते. छाटणी तिची, विरळणी तिची आणि पाईप ओढत बंदुकीसारखी गन धरून फवारणीही तिचीच. कामाला वाघीण, पण हट्टाला त्याहून मोठी.

तिनं मला एकदा तोंडाला लावलं आणि लगेच ओरबाडून काढलं. म्हणाली, जीव गुदमरतो याच्यात, एका टाकीपुरतं काय एवढं नाटक. तेव्हापासून मी औषधाच्या खोलीतल्या खुंटीवर. ती तोंडाला स्कार्फ गुंडाळायची, डोकं जड झालं की बांधावर बसायची, लिंबू चोखायची आणि फारच गरगरलं तर काम अर्ध्यात टाकून घरी यायची. मी खुंटीवरून बघत होतो. पालथ्या घड्यावर पाणी किती दिवस ओतायचं? पुढं पुढं मला तिचा रागही येईनासा झाला. माझ्या डाव्या गालात कोळ्यानं घर केलं, त्यालाही मी काही बोललो नाही.

मग त्या खोलीत निकिता येऊन बसायला लागली. नववीतली पोरगी. क्रेट उपडं टाकायची, मांडीवर वही घ्यायची आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचायची. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला एकटीला बोलायला दहा मिनिटं मिळाली होती. सुवर्णा मॅडमनी विषय तिच्यावर सोडला होता आणि तिनं निवडला होता सरहद्दीवरच्या ग्रहांचा. माणूस आकाशात दूरवर जाऊन राहिला आहे, त्याच्या वस्तीच्या अगदी शेवटच्या टोकाचे हे ग्रह. तिथं सरकारी यान सहा वर्षांतून एकदा येतं. तिथल्या माणसांना कुणी विचारत नाही आणि तिथली हवा तर त्यांच्या जिवावरच उठलेली असते.

पहिला ग्रह कुसळवाडी. तिथं बारा महिने वारा आणि वाऱ्यात केसाहून बारीक कुसळं. समोर तोंड करून चालाल तर डोळे जातील. म्हणून तिथली माणसं घराबाहेर पाठमोरी चालतात. पोरांना आधी मागे चालायला शिकवतात, मग पुढे. शेजारी एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, पाठीवरून ओळखतात. तिथं कुणी तुमच्याकडे तोंड केलं, तर समजायचं की याला तुमच्यापेक्षा जास्त काही प्रिय नाही.

दुसरा वाफाळी. रोज भर दुपारी जमिनीतून पांढरी वाफ निघते आणि माणसाच्या कमरेपर्यंत चढते. तिच्यात सापडलेलं काहीही उरत नाही, ना चप्पल, ना फावडं, ना पाय. घरं उंच खांबांवर आणि प्रत्येक घराला शिडी. वाफ यायची वेळ झाली की घंटा होते आणि मग ज्याची त्याची धावाधाव. शिडीवर सगळ्यांत वरची पायरी म्हाताऱ्यांची, असा तिथला कायदा. निकितानं लिहिलं होतं की रोज कुणीतरी म्हातारं माणूस आपली पायरी एखाद्या पोराला देऊन तो कायदा मोडतं आणि कुणीच तक्रार करत नाही. चौदा वर्षांच्या पोरीनं हे कुठून आणलं, देव जाणे.

तिसरा सगळ्यांत वाईट. नाव गोडवड. दिसायला हिरवागार आणि हवेला पिकल्या पेरूसारखा वास. तीन श्वास घेतले की माणसाला वाटतं, छान आहे सगळं, उगाच घाबरत होतो. तो मास्क काढतो, झाडाखाली बसतो आणि पुन्हा उठत नाही. तिथं लहान मुलांना एकच गोष्ट घोकायला लावतात. बरं वाटायला लागलं की श्वास रोखा. आणि गावाबाहेर एक लांबलचक रांग आहे, दगडांची. वाळत घातलेले कपडे घ्यायला, कोंबडी हाकायला, एका मिनिटासाठी मास्क न लावता बाहेर गेलेल्यांची.

मित्रांनो, मी विरघळलो. दोन वर्षं मला कुणी टोपीइतकीही किंमत दिली नव्हती आणि इथं अख्ख्या गोडवडवर माणसं जगत होती ती माझ्या भाऊबंदांच्या जिवावर! मला वाटलं, ही एक पोरगी आहे जिला मी कळलो. त्याच आठवड्यात तिनं माझा खून केला.

झालं असं. कार्यक्रमात तिला मला तोंडाला लावून बोलायचं होतं, पण तसं बोललं की तिचा आवाज बाहेर पडेना, आणि धापही लागायची. शिवाय स्टेजवर माझे गाल निळे चमकायला हवेत, असं तिच्या मनानं घेतलेलं. तिनं स्क्रू-ड्रायव्हरनं दोन्ही डब्यांची झाकणं उचकटली, कोळसा द्राक्षाच्या वेलाच्या बुडात ओतला आणि आत गणपतीच्या आराशीतल्या बारीक दिव्यांची माळ कोंबली. कार्यक्रम झाल्यावर माळ काढून घेतली आणि झाकणं फेविक्विकनं चिकटवली. बाहेरून मी होतो तसाच, नव्यासारखा. आतून खुळखुळा.

कार्यक्रम मात्र झाला जोरात, ते नाकारून चालणार नाही. मैदानात चिडीचूप. छाया तिसऱ्या रांगेत बसली होती, आधी शेजारणीशी कुजबुजत होती. गोडवडच्या दगडांची रांग आली तशी ती थांबली. शेवटी निकिता म्हणाली, की सरहद्दीवर मरणाऱ्याला शूर म्हणत नाहीत, संध्याकाळी घरी परत येणाऱ्याला म्हणतात. छायानं पदर डोळ्यांना लावलेला मी स्वतः पाहिला.

पाचव्या दिवशी फवारणी होती. छाया औषधाच्या खोलीत आली आणि स्कार्फ न घेता तिनं मला खुंटीवरून काढलं. निकिता दारातच होती, दप्तर पाठीवर, शाळेची गाडी यायची वेळ.

"तुझं ऐकलं बघ," छाया म्हणाली. "आता रोज लावत जाईन. लय भारी बोलली तू त्या दिवशी."

निकितानं दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. मी तिच्याकडे बघत होतो. बोल, बोल, बोल. एवढंच म्हणायचं होतं की मम्मी, त्यात काही नाही. पण आईनं तिचं कौतुक केलं होतं, तेही कधी नव्हे ते. ते कौतुक हातचं जाऊ द्यायचं तिच्या जिवावर आलं. तिनं स्वतःची समजूत घातली, की नाहीतरी मम्मी नुसता स्कार्फ बांधायची, मग रिकामा मास्क त्याहून बराच. इतक्यात गाडीनं हॉर्न दिला आणि ती गेली. त्या क्षणी मला तिचा जेवढा संताप आला, तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही.

कारण रिकामा मास्क स्कार्फहून बरा नसतो. स्कार्फ बांधलेल्या माणसाला भीती असते. छायाला त्या दिवशी भीती नव्हती. वास आला तर तिला वाटलं रबराचा असेल. डोकं जड झालं, तिला वाटलं ऊन आहे. एरवी ती बांधावर बसली असती, अर्ध्यात घरी आली असती. त्या दिवशी मास्क आहे की, असं म्हणत तिनं दुसरी टाकी भरली, मग तिसरी. मी तिच्या तोंडावर बसून माझ्याच दोन भोकांतून तिच्या छातीत विष जाऊ देत होतो. शेवटच्या ओळीत तिच्या हातातली गन पडली आणि मग ती पडली. शेजारच्या बागेतली मीना पळत आली, म्हणून ती वेळेत दवाखान्यात पोचली.

तीन दिवस ती नाशिकला दवाखान्यात होती. घरी आली तेव्हा हाताला कंप होता आणि आवाज खोल गेला होता, पण जीव वाचला होता. आणि मित्रांनो, तुमच्या जातीचं शहाणपण बघा! निकिताच्या वडिलांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली, मास्क होता म्हणून वाचली, नाहीतर जागेवरच गेली असती. छायानं मला हळदकुंकू लावलं. बायका मला बघायला यायच्या, हात जोडायच्या. सुवर्णा मॅडम घरी आल्या आणि म्हणाल्या, मुलीच्या भाषणानं आईचा जीव वाचला, सव्वीस जानेवारीला हिचा सत्कार करायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती हीच. दुर्लक्ष मी दोन वर्षं पचवलं होतं, ही आरती मला पचेना.

निकिता तेव्हा जेवत नव्हती, झोपत नव्हती. औषधाच्या खोलीकडे तर फिरकतच नव्हती. तिची मला दया आली असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या, मला नाही आली.

मग परवा मीना आली. तिच्या बागेत फवारणी होती. ती म्हणाली, छायाताई, तुमचा तो मास्क द्या ना दुपारपुरता, तुम्हाला पडलेलं बघितल्यापासून माझी तर बाई हिंमतच होत नाही. छाया म्हणाली, घेऊन जा की, तू तर माझा जीव वाचवला. तिनं मला पुसलं आणि मीनाच्या हातात दिलं. मीना दाराबाहेर पडणार, तेवढ्यात निकिता आडवी आली.

"मीनाकाकू, नको लावू. तो रिकामा हाय."

मीनाला काही कळेना. निकितानं मला तिच्या हातातून घेतलं आणि आईपुढं ठेवलं. कोळसा कधी काढला, का काढला, कुठं ओतला, सगळं सांगितलं, मान खाली घालून, एकही गोष्ट न वगळता. छायानं विळ्याच्या टोकानं माझं झाकण उचकटलं, आत बोट घातलं आणि ते दुसऱ्या बाजूनं बाहेर आलेलं बघितलं.

"त्या दिवशी तू दारात होती," ती म्हणाली. "सांगायला काय झालं होतं?"

"तू पहिल्यांदा माझं ऐकलं होतं," निकिता म्हणाली.

छायानं हात उगारला. कंप सुटलेला तो हात, तसाच वर राहिला आणि मग खाली आला. ती मटकन बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली, पोरीलाही तिनं मिठीत ओढलं. मीनानं गुपचूप दाराला टेकून डोळे पुसले. रडून झाल्यावर छायानं कोनाड्यातली हातोडी काढली, निकिताच्या हातात दिली आणि म्हणाली, फोड. पुन्हा कुणाच्या तोंडाला लागला नाही पाहिजे. पोरीनं पहिला घाव चुकवला. दुसऱ्याला माझी उजवी डबी फुटली, तिसऱ्याला डावी. खरं सांगू? बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

त्याच दुपारी तिघी स्कूटीवर दिंडोरीला जाऊन कोळशाचे दोन नवे मास्क घेऊन आल्या. आणि छायानं निकिताला बजावलं, सत्काराला जायचं. नारळ घ्यायचा नाही, शाल घ्यायची नाही, पण माईकपुढं उभं राहायचं आणि जे मला सांगितलं ते सगळ्यांना सांगायचं. निकिता म्हणाली, सगळे काय म्हणतील? छाया म्हणाली, म्हणू दे, मी पुढच्या रांगेत बसते.

म्हणून आज मी तुमच्या शाळेच्या टेबलावर आहे, फुटक्या दोन डब्यांसकट. झेंडा वर गेला आहे, पाहुण्यांच्या भाषणाची लांबण संपत आली आहे. आता माझं मागणं ऐका. मला जपू नका. तुमच्या घरात खुंटीला माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला हळदकुंकू लावण्याआधी उघडून बघा. आत काही असेल तर वापरा, नसेल तर फोडून टाका. आणि तो तुम्हीच रिकामा केला असेल, तर दारातच सांगा, गाडी सुटण्याआधी.

निकिताचं नाव पुकारलंय. ती उठली आहे आणि पुढच्या रांगेत छाया दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली आहे. अरे, थांबा. टाळ्या कसल्या वाजवताय? आधी ऐका ती काय सांगतेय.